नकाशा झाला, पिकाचं काय?

जमिनीची धूप आणि उत्पादन हा विषय प्रोजेक्टला घेताय? मग हेक्टरी किती टन माती वाहिली, एवढं काढून थांबू नका. बहुतेक जण तिथंच थांबतात, कारण ते सोपं आहे. धूप काढायचं विशमायर-स्मिथ यांचं समीकरण म्हणजे पाऊस, मातीचा प्रकार, उताराची लांबी, चढ, पीक आणि बांधबंदिस्ती या सहा घटकांचा गुणाकार. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उंचीचा मोफत डेटा टाकला की रंगीत नकाशा तयार, आणि व्हायव्हाला तो दिसतोही झकास. पाऊस मात्र जिल्ह्याच्या सरासरीचा धरू नका; एकट्या कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, शिरोळात पाचशेच्या आसपास.

खरा हिशेब मातीच्या खोलीचा. हेक्टरभर रानातला एक मिलिमीटर थर म्हणजे साधारण १३ टन माती. समजा वर्षाला ४० टन जाते, तर ५० वर्षांत १५ सेंटिमीटर गेली. डोंगरउतारावर फूटभर मातीखाली मुरूम असेल, तर तिथं निम्मी जमीन संपली. ओल धरायला जागाच नाही, मग सप्टेंबरात पावसानं दडी मारली की नाचणी माना टाकते. पंचगंगेकाठच्या मळीच्या, म्हणजे गाळाच्या खोल जमिनीतून तेवढीच माती गेली तरी उसाला पत्ता लागणार नाही. धूप तीच, नुकसान वेगळं.

तालुक्याच्या उत्पादनाच्या आकड्यांत हे दिसत नाही. नवे वाण आणि खताची पोती नुकसान झाकून टाकतात. म्हणून एपिकसारखं, धुपेनं पीक किती घटतं ते काढणारं संगणकी मॉडेल घ्या. १९८० च्या दशकात अमेरिकेत ते याच प्रश्नासाठी बनलं. हवामान तेच, खत तेच ठेवून एकदा धुपेसह आणि एकदा धुपेविना ५० वर्षं चालवा. दोन्हींतला फरक हे तुमचं उत्तर. शिकायला किचकट आहे, आधीच सांगतो.

पडताळणीला मे महिन्यात रानात जा. जूननंतर खड्ड्यात पाणीच भरतं. एकाच उतारावर माथ्याला, मध्ये आणि पायथ्याला मुरूम लागेपर्यंत खणून खोली मोजा, आणि त्याच तीन जागी सुगीला पिकाचा उतारा, म्हणजे उत्पादन, मोजा. पीक आणि वाण एकच हवा. जुना बांधही नीट बघा: वरच्या अंगाला माती चढलेली असते, खालच्या अंगाला दगड उघडे पडलेले. वरच्या रानातली माती खालच्या रानात साठते, तिथला उतारा वाढतोही. ही साठलेली माती विशमायर-स्मिथच्या समीकरणात धरलेली नाही, घळीही नाहीत. हे प्रबंधात लिहा, नाहीतर बाहेरचे परीक्षक तेच विचारतात.