रत्नागिरीला स्वस्तात यायचंय? मग या चुका टाळा

मागे एका मार्चमध्ये पुण्याहून माझे चुलत दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं तीन दिवसांसाठी रत्नागिरीला आली. खर्चाचा आकडा आधीच ठरवलेला होता. गणपतीपुळ्यात सवलतीत खोली मिळाली म्हणून मुक्काम तिथे, पण मुलांना दाखवायचं होतं ते सगळं रत्नागिरी शहरात. पहिला दिवस नेमका सोमवार, थिबा पॅलेस बंद. मग भर बाराला भगवती किल्ला आणि दोनच्या सुमाराला मांडवी. मांडवीची वाळू काळी, ती अशी तापलेली की चप्पल काढून धावत सुटलेलं धाकटं पोर चौथ्या पावलाला रडायला लागलं आणि बाबाच्या बुटांवर चढून उभं राहिलं. थांबवून ठेवलेल्या रिक्षाचं भाडं चालूच. संध्याकाळी आमच्या पडवीत बसून भाऊजी म्हणाले, "वहिनी, खोलीत वाचलेले पैसे रिक्षात गेले हो सगळे."

दर वर्षी या दिवसांत आमच्याकडे कुणी ना कुणी असं हात पोळून घेतं आणि मला खरंच वाईट वाटतं. रत्नागिरी हे चार माणसांच्या घराला सहज परवडणारं शहर आहे. किल्ला, राजवाडा, टिळकांचं जन्मघर, मांडवी, भाट्ये, सगळं एकमेकांपासून हाकेच्या नाही तरी रिक्षाच्या अंतरावर. इथे पैसा जातो तो वेळ चुकल्यामुळे. कधी वार चुकतो, कधी तिथी, कधी दिवसातला प्रहर. म्हणून हॉटेलांचे भाव बघण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

तिथी न बघता तारीख ठरवणं

फाल्गुन पौर्णिमेच्या आगेमागे शिमगा असतो. चाकरमानी गावी येतात, गाड्या भरतात, खोल्या मिळत नाहीत. ग्रामदैवत भैरीबुवाची पालखी बघायलाच यायचं असेल तर जरूर या. खांद्यांवर नाचणारी पालखी आणि तो ढोल एकदा तरी मुलांना दाखवावा असाच आहे, आणि त्याला तिकीट नाही. पण मग तयारी दोन महिने आधी हवी. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. १२० दिवसांचा नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये गेला, तरी अजून पुष्कळ जण जुन्याच हिशेबात असतात.

शिमगा नको असेल तर रंगपंचमी उलटू द्या. तिथून गुढीपाडव्यापर्यंतचे दहाएक दिवस शांत असतात, कारण मोठ्या मुलांच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात. ज्यांची मुलं अजून बालवाडीत किंवा पहिली-दुसरीत आहेत, त्यांच्यासाठी यासारखा काळ नाही. एरवी कधी येणार असाल तर एकच बघा, संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी, आणि त्या दिवशी गणपतीपुळ्याला दर्शनाची रांग लांबच लांब.

सोमवारचं तर आधीच सांगितलं. थिबा पॅलेसमध्ये सरकारी संग्रहालय आहे आणि त्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून उतरवलं आणि इथे आणून ठेवलं. हा वाडा १९१० मध्ये त्याच्यासाठी बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. हद्दपार राजाची ही गोष्ट मुलांना आदल्या रात्री सांगून ठेवा. मग ती रंगीत काचांच्या खिडक्यांपाशी आपणहून थांबतात. सोमवार टाळता आलाच नाही, तर त्या दिवशी सकाळी किल्ला आणि मग १९३१ साली बांधलेलं पतितपावन मंदिर करा.

एसटीला कमी लेखणं

गाडी भाड्यानं करण्याआधी एकदा एसटीचा हिशेब कागदावर मांडा. महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मार्च २०२३ पासून आहे. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे प्रवास मोफत, ५ ते १२ वयाच्या मुलांना अर्धं. समजा बाबा, आई, आठ वर्षांची मुलगी आणि ७६ वर्षांची आजी असे चौघं निघाले, तर पैसे जवळपास दोनच तिकिटांचे. आजीचं आधार कार्ड मात्र तिच्या पर्समध्ये हवं, घरच्या कपाटात नको. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे आजी-आजोबा बरोबर असतील तर एसटीच पुष्कळदा स्वस्त पडते. पुणे-साताऱ्याकडच्यांनी आंबा घाटानं यावं. घाटाआधी मुलांना पोटभर खाऊ मात्र घालू नका.

रेल्वेनं येणाऱ्यांची वेगळीच एक चूक. ५ ते १२ वयाच्या मुलासाठी वेगळी बर्थ मागितली की तिकीट पूर्ण लागतं, न मागता अर्धं. दिवसाच्या प्रवासात लहानग्याला मांडीशी घेता येत असेल तर विचार करा. रात्रभर पाय दुमडून बसायचं असेल तर ही काटकसर करू नका, दुसरा दिवस मुलाच्या किरकिरीत जातो. आणि स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटर लांब आहे हे धरून चाला. मुंबईकडून येताना उक्षी स्टेशननंतर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. तो संपला की बॅगा खाली काढा, झोपलेल्या पोराला उठवा. हे सगळं प्लॅटफॉर्म आल्यावर करू गेलात तर खाऊची पिशवी हमखास गाडीतच राहते.

मुक्काम एकीकडे, बघायचं दुसरीकडे

आरे-वारे मार्गे गणपतीपुळं पंचवीसेक किलोमीटर. रस्ता देखणा आहे, पण तो एकदाच बघावा. शहर बघायचं तर शहरात राहा, पुळ्याला एक दिवस एसटीनं जा आणि जवळच मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघून परता. "समुद्रासमोर" या एका शब्दाचे खोलीला पैसे मोजू नका. खोलीत तुम्ही झोपायलाच येणार. बाहेर "घरगुती राहण्या-जेवणाची सोय" अशी पाटी दिसली की आत जाऊन न्हाणीघर बघा, पाणी कधी येतं ते विचारा, मग ठरवा.

दुपार बाहेर काढणं

मार्चमधली इथली दुपार फसवी असते. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, दुपारी उलट फिरून समुद्रावरून खारे वारे येतात आणि जिवाला बरं वाटतं. ज्या दिवशी पूर्वेचा वारा जोर धरतो, त्या दिवशी खारं वारं उशिरा आत शिरतं आणि तोवर पारा भलताच चढतो. घामानं तर अंग निथळतंच. अशा वेळी किल्ल्यावर सावली शोधत हिंडलात की आधी पाण्याच्या बाटल्या, मग सरबतं, मग "रिक्षा करा बाई एकदाची".

म्हणून सात वाजता किल्ला. घोड्याच्या नालेसारखा त्याचा आकार आणि तीन बाजूंचं पाणी सकाळच्या उन्हात स्वच्छ दिसतं. अकराला राजवाडा किंवा मत्स्यालय. बारा ते चार जेवण आणि झोप. चारनंतर समुद्र.

भरती-ओहोटी न विचारणं

आमच्याकडचा जुना हिशेब असा आहे की तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी खूप मागे गेलेलं असतं. तास-अर्धा तास इकडेतिकडे धरा. मुलांना ओल्या वाळूत किल्ले करायचे असतील तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या संध्याकाळी उत्तम. अष्टमीला त्याच वेळी आलात तर वाळू पाण्याखाली, मुलं हिरमुसलेली, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा भाडं भरून येणार.

पण पाण्यात उतरण्यासाठी हे गणित वापरू नका. गणपतीपुळ्याला आणि आरे-वारेला समुद्रानं माणसं ओढून नेली आहेत. किनाऱ्यावरचा माणूस "नको" म्हणाला की नकोच, मग पोहायला कितीही येत असो.

ताटात आणि पेटीत

सुरमई-पापलेटचा भाव आकारावर असतो, तेव्हा थाळी सांगण्याआधी विचारा. बांगड्याची थाळी स्वस्त आणि ताजी मिळते, आणि चवीला मला तरी सुरमईच्या वर वाटते. याच दिवसांत ओल्या काजूगरांची उसळ असते. ती महाग असली तरी एक वाटी मागवून चौघांनी वाटून खा, कारण ही चव इथेच आणि याच दिवसांत.

हापूसची पेटी मार्चमध्ये उचलू नका. पहिल्या आंब्याला भाव चढा असतो, तो एप्रिलच्या मध्यापासून उतरू लागतो. मुलांचा हट्टच असेल तर डझनभर घ्या. देठाशी वास घ्या, बोटानं दाबू नका. तयार आंब्यापेक्षा हिरवट घ्या, घरी पेंढ्यात घातला की आठवड्याभरात पिकतो. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. आणि कापल्यावर आत साका, म्हणजे पांढरट स्पंजासारखा गर, निघाला तर तेवढा भाग काढून टाका.

चूक झालीच तर

तिकीट वेटिंगवर राहिलं तर शेवटच्या दिवसापर्यंत आशेवर थांबू नका. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं आणि त्यावर गाडीत चढता येत नाही. तत्काळ आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी १० ला आणि स्लीपरसाठी ११ ला उघडतं, खातं आधारशी जोडलेलं लागतं. तेही हुकलं तर एसटीचं आरक्षण बघा. खोली लांब घेऊन बसला असाल आणि पैसे परत मिळत नसतील, तर रोजची ये-जा थांबवा. एक दिवस पूर्ण तिथेच काढा, आणि शहराचा दिवस पहिल्या बसनं येऊन शेवटच्या बसनं परतण्याचा ठेवा.

भाऊजींनी तेच केलं. मंगळवार पुळ्यात आणि मालगुंडात काढला. बुधवारी पहिल्या एसटीनं आले, किल्ला, राजवाडा, आमच्याकडे जेवण, मुलांची झोप. त्रयोदशी होती, पावणेदहाची भरती आणि चारची ओहोटी. पाचला मांडवीवर गेलो तेव्हा पाणी मागेच होतं. धाकट्यानं आधी एक अंगठा वाळूला टेकवून बघितला, मग दुसरा पाय, आणि मग चप्पल माझ्या हातात देऊन तो पाण्याच्या रेषेपर्यंत पळत गेला.