पीएचपीत क्वेरीचा निकाल घेताना: कुठला फेच, केव्हा आणि का

क्वेरी चालवणं आणि तिच्या ओळी हातात येणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. एक्झिक्यूट बिनतक्रार पार पडलं, म्हणजे डेटाबेसने आपलं काम केलं. तुमच्या व्हेरिएबलमध्ये मात्र त्या क्षणी फक्त स्टेटमेंट ऑब्जेक्ट असतो. तो थेट इको केला तर ऑब्जेक्टची स्ट्रिंग करता येत नाही अशी एरर मिळते, आणि नवशिक्याला वाटतं क्वेरीच चुकली. क्वेरी ठीक असते, फेच, म्हणजे निकालातून ओळी काढून घेणं, राहिलेला असतो.

या लेखात पीडीओ (डेटाबेसशी बोलण्याचं पीएचपीचं एक्स्टेन्शन) आणि मायएसक्यूएल धरले आहेत. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, कोडमध्ये नेहमीच्याच स्पेलिंगने लिहा. एखाद्या धड्यात ‘मायएसक्यूएल फेच अ‍ॅरे’ हे सुटं फंक्शन दिसलं तर तो धडा तिथेच सोडा. ते जुनं एक्स्टेन्शन पीएचपी 5.5 मध्ये कालबाह्य ठरवलं गेलं आणि 2015 च्या डिसेंबरात आलेल्या 7.0 मधून काढून टाकलं गेलं.

कनेक्शनच्या वेळीच चार गोष्टी ठरवा

पुढचा निम्मा त्रास इथेच वाचतो. पहिली गोष्ट कॅरेक्टर सेट: डीएसएनमध्ये, म्हणजे कनेक्शनचा पत्ता सांगणाऱ्या स्ट्रिंगमध्ये, होस्ट आणि डेटाबेसच्या नावानंतर चारसेट म्हणून यूटीएफ8एमबी4 लिहा. मायएसक्यूएलमधला ‘यूटीएफ8’ आजवर एका अक्षराला जास्तीत जास्त 3 बाइट देणारा प्रकार राहिला आहे. देवनागरी त्यात बसते, इमोजी बसत नाही, कारण त्याला 4 बाइट लागतात. टेबल बरोबर असून पानावर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर बहुतेक वेळा कनेक्शनचा चारसेट चुकलेला असतो.

दुसरी, एरर मोड एक्सेप्शनवर ठेवा. पीएचपी 8.0 पासून तो आपोआप तसाच असतो, पण त्याआधीच्या आवृत्त्यांत पीडीओ गप्प राहायचं. क्वेरी फसली की फॉल्स मिळायचं आणि पुढच्या ओळीत ‘कॉल टू अ मेंबर फंक्शन फेच ऑन बूल’ अशी एरर यायची. खरी चूक एसक्यूएलमध्ये आणि बोट फेचकडे. जुन्या सर्व्हरवर काम करत असाल तर हा मोड हाताने लावाच.

तिसरी, डिफॉल्ट फेच मोड असोसिएटिव्ह करा. काहीच सांगितलं नाही तर पीडीओ ‘बोथ’ मोड वापरतं, म्हणजे प्रत्येक कॉलम नावाने एकदा आणि क्रमांकाने एकदा असा दोनदा येतो. 4 कॉलम मागितले तर अ‍ॅरेत 8 घटक. फॉरईचने छापलं की प्रत्येक मूल्य दोनदा दिसतं, जेसॉनमध्ये पाठवलं तर 0, 1, 2 अशा फालतू की सोबत जातात.

चौथी, एम्युलेटेड प्रिपेअर बंद करा. प्रिपेअर म्हणजे मूल्यांच्या जागा मोकळ्या ठेवून क्वेरी आधी तयार करणं; एम्युलेटेड म्हणजे ते काम सर्व्हरऐवजी पीडीओने करणं. मायएसक्यूएलसाठी ते मुळात चालू असतं: पीडीओ स्वतःच मूल्यं अवतरणात घालून क्वेरी पूर्ण करतं आणि मग सर्व्हरला पाठवतं. लिमिटच्या जागी प्रश्नचिन्ह (प्लेसहोल्डर, म्हणजे मूल्याची मोकळी जागा) ठेवून एक्झिक्यूटला अ‍ॅरे दिला की ‘लिमिट '10'’ अशी क्वेरी तयार होते आणि 1064 क्रमांकाची सिंटॅक्स एरर येते. एम्युलेशन बंद केलं की हे थांबतं. ते चालूच ठेवायचं असेल तर बाइंड व्हॅल्यू वापरून पॅराम इंट असा प्रकार सांगावा लागतो. बंद करण्याचीही एक किंमत आहे: प्रश्नचिन्हाऐवजी नाव दिलेला एकच प्लेसहोल्डर एका क्वेरीत दोनदा वापरता येत नाही. शोधाच्या क्वेरीत तोच शब्द दोन कॉलमांत पाहायचा असेल तर दोन वेगळी नावं द्या, नाहीतर ‘इनव्हॅलिड पॅरामीटर नंबर’ समोर येईल.

मूळ क्रम

बाहेरून आलेलं एकही मूल्य क्वेरीत असेल तर प्रिपेअर, एक्झिक्यूट, फेच हा क्रम सोडू नका. क्वेरी अशी लिहा: सिलेक्ट आयडी, नाव, शिल्लक फ्रॉम खाती व्हेअर शाखा = ? ऑर्डर बाय नाव. प्रश्नचिन्हाभोवती अवतरण नको, ते घातलं की तो प्लेसहोल्डर न राहता साधं अक्षर बनतो. लाइकसाठी टक्क्याची चिन्हं क्वेरीत नाही, मूल्यात जोडायची: आधी ‘%शब्द%’ तयार करा आणि मग एक्झिक्यूटला द्या. टेबलाचं किंवा कॉलमचं नाव प्लेसहोल्डरने देता येत नाही. वापरकर्त्याने निवडलेल्या कॉलमवर क्रम लावायचा असेल तर चालणाऱ्या नावांची यादी कोडमध्ये ठेवा आणि आलेलं नाव त्या यादीत आहे का ते तपासा.

‘सिलेक्ट *’ टाळा. दोन टेबलं जोडल्यावर दोन्हीकडे आयडी हा कॉलम असतो आणि असोसिएटिव्ह अ‍ॅरेत एका नावाची एकच की राहू शकते. नंतरचा कॉलम आधीच्यावर बसतो, तोही गुपचूप. ग्राहकाच्या आयडीऐवजी ऑर्डरचा आयडी लिंकमध्ये जाण्याची चूक इथूनच येते. ‘अ‍ॅज’ लावून वेगळी नावं द्या.

किती ओळी, कुठल्या आकारात

फेच निवडण्यापूर्वी स्वतःला एवढंच विचारा: मला एक मूल्य हवंय, एक ओळ, की अनेक?

एकच मूल्य हवं असेल, उदाहरणार्थ काउंट, तर फेच कॉलम. आत अंक दिला नाही तर पहिला कॉलम मिळतो, मोजणी 0 पासून. ओळ नसेल तर फॉल्स. हे फंक्शन व्हाइल लूपच्या अटीत कधीही घालू नका, कारण मूल्य 0, रिकामी स्ट्रिंग किंवा नल आलं की लूप मध्येच थांबतो. एरर नाही, सूचना नाही, यादी फक्त अपुरी. अशी चूक सापडायला दिवस जातात.

एक ओळ हवी असेल तर फेच, आणि लगेच फॉल्स आहे का ते बघा. हे न करता थेट ‘नाव’ ही की मागितली तर पीएचपी 8 मध्ये ‘ट्राइंग टू अ‍ॅक्सेस अ‍ॅरे ऑफसेट’ ही वॉर्निंग येते. नसलेल्या आयडीचं पान उघडलं की नेमकं हेच होतं, तिथे 404 पाठवून थांबायला हवं.

अनेक ओळींसाठी दोन वाटा. पानावर दाखवायच्या 20, 50, 200 ओळी असतील तर सरळ फेच ऑल. ओळी नसतील तर ते रिकामा अ‍ॅरे देतं, फॉल्स नाही, म्हणजे टेम्प्लेटमध्ये ‘काही सापडलं नाही’ ही अट एका एम्प्टीने भागते. ओळी जास्त असतील तर फॉरईचमध्ये स्टेटमेंटच ठेवा किंवा व्हाइलमध्ये फेच वापरा. पूर्ण ओळ घेणारा फेच व्हाइलच्या अटीत सुरक्षित आहे, कारण ज्या अ‍ॅरेत कॉलम आहेत तो कधी फॉल्स ठरत नाही.

लक्षात ठेवा, स्टेटमेंट एकदाच पुढे सरकतं. पहिल्या लूपने सगळ्या ओळी घेतल्यावर त्याच स्टेटमेंटवर दुसरा लूप लावला तर काहीच मिळत नाही. तपासणीसाठी मध्येच एक फेच टाकला तर पुढच्या यादीतून पहिली ओळ गायब होते. दोनदा लागणार असेल तर फेच ऑल करून अ‍ॅरे ठेवा.

फेच ऑलला दिले जाणारे काही मोड फारसे कुणी वापरत नाही, पण त्यांनी बरेच लूप वाचतात. ‘फेच कॉलम’ मोडने एका कॉलमची सपाट यादी मिळते, ‘की पेअर’ने पहिला कॉलम की आणि दुसरा मूल्य होतो. ड्रॉपडाउन भरायला याहून सोपं काही नाही, मात्र क्वेरीत नेमके 2 कॉलम हवेत. ‘युनिक’ मोड पहिल्या कॉलमला की बनवतो आणि तो कॉलम ओळीतून काढून घेतो. आयडी आतही हवा असेल तर क्वेरीत दोनदा मागा. ‘ग्रुप’ मोड तसाच, फक्त एका कीखाली अनेक ओळी राहतात.

ओळी आहेत का, हे रो काउंटला विचारू नका

सिलेक्टवर रो काउंट मायएसक्यूएलमध्ये बफर चालू असताना (म्हणजे अख्खा निकाल आधीच आणलेला असताना) बरोबर उत्तर देतं, म्हणून लोकांना सवय लागते. तोच कोड एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसवर नेला की 0 येतो आणि पान रिकामं दिसतं. ओळी आणायच्याच असतील तर फेच ऑल करून अ‍ॅरेची लांबी मोजा, फक्त संख्या हवी असेल तर सिलेक्ट काउंट. हजारो ओळी आणून मोजणं आणि मग फेकून देणं हा प्रकार आजही दिसतो, आणि मग सर्व्हरला नावं ठेवली जातात.

मेमरी संपते तेव्हा

‘अलाउड मेमरी साइझ ऑफ 134217728 बाइट्स एक्झॉस्टेड’. हा आकडा म्हणजे 128 एमबी, पीएचपीची डिफॉल्ट मर्यादा. निर्यात, अहवाल, रात्रीची स्क्रिप्ट, सगळीकडे हा भेटतो. नेहमीचा सल्ला असतो की फेच ऑल काढा आणि व्हाइलमध्ये एकेक ओळ घ्या. सल्ला अर्धाच बरोबर आहे.

पीडीओचं मायएसक्यूएल कनेक्शन मुळात बफर्ड असतं. एक्झिक्यूट होताच अख्खा निकाल सर्व्हरकडून पीएचपीच्या प्रोसेसमध्ये येऊन पडतो आणि फेच त्या साठ्यातून ओळी देतो. 5.4 पासून डिफॉल्ट असलेल्या मायएसक्यूएलएनडी ड्रायव्हरमध्ये हा साठा मेमरीच्या मर्यादेत मोजला जातो. म्हणजे व्हाइल लावल्याने अ‍ॅरेचा बोजा गेला, साठ्याचा तसाच राहिला. काही लाख ओळींवर स्क्रिप्ट पुन्हा पडते, या वेळी एक्झिक्यूटवरच.

खरा उपाय म्हणजे त्या कनेक्शनवर बफर्ड क्वेरीचं अ‍ॅट्रिब्यूट फॉल्स करणं, तेही क्वेरी चालवण्यापूर्वी. मग ओळी नेटवर्कवरून जशा येतील तशा मिळतात आणि मेमरी जवळपास स्थिर राहते. पण या अवस्थेत त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालत नाही. लूपमध्ये अपडेट करायला गेलात तर 2014 क्रमांकाची एरर येते: आधीचा बफर नसलेला निकाल अजून पूर्ण वाचलेला नाही. अपडेटसाठी वेगळं कनेक्शन उघडा. लूप मध्येच सोडला तर क्लोज कर्सर बोलवून उरलेला निकाल सोडून द्या. आणि प्रत्येक ओळीवर सावकाश काम करू नका. सर्व्हर निकाल पाठवताना वाट पाहतो, ती मर्यादा, नेट राइट टाइमआउट, डिफॉल्ट 60 सेकंद आहे. लूपमध्ये ईमेल पाठवणारी स्क्रिप्ट मध्येच कनेक्शन तुटून पडते ती बहुधा यामुळे.

अशा सावकाश कामांसाठी तुकडे बरे: व्हेअर आयडी > ? ऑर्डर बाय आयडी लिमिट 1000, आणि प्रत्येक वेळी शेवटचा आयडी पुढच्या फेरीला द्यायचा. ऑफसेट वापरू नका. ऑफसेट 500000 म्हणजे सर्व्हर तेवढ्या ओळी वाचून टाकून देतो, म्हणून प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा हळू होत जातो. शिवाय मध्ये कुणी ओळ काढली तर एखादी ओळ नजरेतून सुटते.

लूपच्या आत क्वेरी

100 ऑर्डरी आणल्या आणि प्रत्येकीच्या ग्राहकासाठी वेगळी क्वेरी केली, तर एकूण 101 क्वेऱ्या. डेव्हलपरच्या मशीनवर कळतही नाही, डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर गेला की पान रखडतं. जॉइन करा, किंवा ग्राहकांचे आयडी गोळा करून एकच ‘इन’ क्वेरी करा आणि निकाल ‘युनिक’ मोडने घ्या.

‘इन’साठी अख्खा अ‍ॅरे एका प्रश्नचिन्हात जात नाही. अ‍ॅरे फिलने मोजून तेवढी प्रश्नचिन्हं बनवा, इम्प्लोडने स्वल्पविरामांनी जोडा. अ‍ॅरे रिकामा असेल तर मायएसक्यूएलमध्ये ‘इन ()’ ही सिंटॅक्स एरर आहे, म्हणून आधीच परत फिरा. अ‍ॅरे फिल्टर वापरला असेल तर कींमध्ये फटी पडलेल्या असतात आणि एक्झिक्यूट बिघडतं, त्यामुळे अ‍ॅरे व्हॅल्यूजमधून काढून मगच द्या. संख्येलाही मर्यादा आहे: मायएसक्यूएलमध्ये एका प्रिपेअर्ड क्वेरीत 65,535 प्लेसहोल्डर.

मूल्यांचे प्रकार

पीएचपी 8.1 पूर्वी एम्युलेशन चालू असताना पूर्णांकसुद्धा स्ट्रिंग म्हणून यायचे. 8.1 पासून ते पूर्णांक म्हणूनच येतात. अपग्रेडनंतर तीन बरोबर चिन्हांची तुलना अचानक बिघडली तर हे तपासा. डेसिमल मात्र अजूनही स्ट्रिंगच येतो आणि ते योग्यच आहे, फ्लोट केला तर पैशांच्या हिशेबात सूक्ष्म चुका शिरतात. डेटाबेसचा नल पीएचपीतही नल होतो आणि इसेट त्याला ‘नाही’ म्हणतं. कॉलम आला आहे का हे पाहायचं तर अ‍ॅरे की एक्झिस्ट्स वापरा.

पानावर छापताना प्रत्येक मूल्य एचटीएमएल स्पेशल कॅरेक्टर्समधून काढा. प्रिपेअर्ड क्वेरीने एसक्यूएल सुरक्षित होतं, पान नाही. 8.1 पासून त्या फंक्शनला नल दिला की कालबाह्यतेची सूचना येते, म्हणून दोन प्रश्नचिन्हांच्या ऑपरेटरने नलच्या जागी रिकामी स्ट्रिंग द्या.

मायएसक्यूएलआय वापरत असाल तर

मायएसक्यूएलआय हे पीडीओऐवजी वापरलं जाणारं, फक्त मायएसक्यूएलसाठीचं एक्स्टेन्शन. वरचं बहुतेक सगळं तिथेही लागू आहे, सवयी थोड्या वेगळ्या. प्रिपेअर्ड स्टेटमेंटवर आधी गेट रिझल्ट आणि मग फेच असॉक. गेट रिझल्ट नाही अशी एरर आली तर सर्व्हरवर मायएसक्यूएलएनडी नाही. फेच ऑल इथे डिफॉल्टने फक्त क्रमांकाच्या की देतं, म्हणून असॉकचा स्थिरांक हाताने द्यावा लागतो. एरर 8.1 पासून आपोआप एक्सेप्शन म्हणून येतात, त्याआधीच्या आवृत्तीत मायएसक्यूएलआय रिपोर्ट कनेक्शनच्या आधी बोलवा. आणि 8.2 किंवा पुढची आवृत्ती असेल तर एक्झिक्यूट क्वेरी हे फंक्शन प्रिपेअर, बाइंड, एक्झिक्यूट आणि गेट रिझल्ट ही चारही कामं एकाच हाकेत करतं.