ओळखी वाढवायच्यात? आधी कुणाचं काम अडलंय ते बघा

भोसरी एमआयडीसीत माझ्या दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथ) आहेत, टर्निंगचं जॉबवर्क करतो, म्हणजे दुसऱ्यांचे गोल पार्ट कातून देतो. सुरुवातीला सगळ्यांसारखंच मीपण व्हिजिटिंग कार्डं घेऊन कंपन्यांच्या गेटवर उभा राहायचो. सिक्युरिटीवाला रजिस्टरमध्ये नाव लिहून घेणार, परचेसवाले साहेब कायम मिटिंगमध्ये, कार्ड ठेवून जा. दीड वर्षात तीन-चारशे कार्डं वाटली, काम आलं एक. आज जी कामं आहेत ती कुठून आली बघायला गेलं तर बहुतेक वेळा आधी कधीतरी कुणाचं तरी अडलेलं काम सोडवलेलं निघतं.

तर पहिलं म्हणजे "काही लागलं तर सांगा" असं म्हणणं बंद करा, कोणीही सांगत नाही. नेमकं विचारा, "या आठवड्यात कुठला पार्ट अडकलाय?" टपरीवर विचारा, टेम्पोवाल्याला विचारा. प्लेटिंगवाल्याकडे तर सगळ्या एरियाची खबर असते, कुणाचा माल पडून आहे, कुणाचा रिजेक्ट होऊन परत आलाय.

मला असंच कळलं की मागच्या गल्लीतल्या एकाच्या मशीनचं स्पिंडलचं, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं, बेअरिंग बुधवारी संध्याकाळी गेलं, शुक्रवारी त्याला 400 बुश (नळीसारखे छोटे पार्ट) पाठवायचे होते, आणि गुरुवारी आपल्या एरियाला सुट्टी म्हणजे मेकॅनिक मिळायची बोंब. माझी एक मशीन रात्री मोकळी असते. म्हटलं ऑपरेटर तुझा, इन्सर्ट (कापायच्या टिप) तुझे, मशीन माझी, फक्त सकाळी धातूचा कीस काढून ट्रे साफ करून दे. ऑपरेटरबरोबर तो स्वतःपण रात्रभर स्टुलावर बसून होता, दर वीस पीसला मायक्रोमीटर लावत. लाइटबिलाचे पैसे देतो म्हणाला, ते मी घेतले. अगदी फुकट केलं ना की माणसाला ओझं होतं आणि तो आपल्याला टाळायला लागतो, हा माझा अनुभव. त्यानंतर आठ महिने काहीच नाही, मीपण विषय काढला नाही. मग त्याच्या गिऱ्हाइकाकडे मोठ्या डायमीटरचं काम निघालं, ते याच्या मशीनच्या चकमध्ये (जॉब पकडायच्या भागात) बसेना, त्यानं सरळ माझा नंबर दिला.

रोज रात्रपाळी द्यायची गरज नाही हो. आपल्याला स्वस्त आणि समोरच्याला मोलाची पडतील अशी कामं शोधा. महिन्याचं रिटर्न भरत असाल तर जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न) 11 तारखेपर्यंत भरा, म्हणजे 14 तारखेला तुमचं बिल गिऱ्हाइकाच्या 2बी मध्ये (त्याच्या खरेदीच्या क्रेडिटच्या यादीत) दिसतं आणि 20 तारखेच्या 3बी ला, म्हणजे टॅक्स भरायच्या रिटर्नला, त्याला तुमच्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट घेता येतं. उशीर केलात तर त्याचं क्रेडिट पुढच्या महिन्यावर जातं आणि त्याचा अकाउंटंट तुम्हाला शिव्या घालतो. परचेसवाल्याच्या पुढेपुढे करण्यापेक्षा या अकाउंटंटला खूश ठेवा, पेमेंट तोच काढतो.

शेजारच्याचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर अर्धा तास बसून करून द्या. आधार, पॅन आणि ओटीपी लागतो, सरकारी पोर्टलवर एक रुपया फी नाही, तरी लोक एजंटला पैसे देतात. नंबर बिलावर छापायला सांगा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायचं असं 2006 चा एमएसएमई कायदा म्हणतो, आणि उशीर झाला तर देणाऱ्याला तो खर्च इन्कम टॅक्समध्ये प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच धरता येतो. त्यामुळे मार्च जवळ आला की बिलावरचा तो नंबर बघून फोन लवकर उचलले जातात.

कुणाची ओळख करून देताना आधी दोघांना वेगवेगळा फोन करा आणि खोट असेल ती पण सांगा. "ग्राइंडिंग एक नंबर करतो पण तारीख पाळत नाही, दोन दिवस आधीची सांग." असं सांगितलं की उद्या माल लेट झाला तरी शब्द तुमच्यावर येत नाही. आणि मधे कमिशन मागू नका. मी एकदा 2 टक्के मागितले होते, मिळाले पण, त्यानंतर त्या दोघांपैकी एकानंही मला आपणहून फोन केलेला नाही.

कुठं थांबायचं हेपण ठरवून ठेवा. एका गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग दुसऱ्याला दाखवायचं नाही, कितीही जवळचा असला तरी. हातउसने पैसे नाहीत, मटेरियल हवं तर डिलिव्हरी चलन (माल दिल्याची पावती) करून द्या. आणि फुकट सँपल किती ते आधीच बोला. मी एका कंपनीला संबंध वाढतील म्हणून तीनदा डिझाइन बदलून 15 पीस फुकट दिले, मोठी ऑर्डर आली तेव्हा दुसऱ्याकडे गेली, रेट 1 रुपयानं कमी म्हणून.

मी मोबाइलच्या नोट्समध्ये एक यादी ठेवतो, कुणाकडे कुठलं मशीन, कधी मोकळं असतं, कुणाला काय अडतं. कुणाला काय दिलं ते त्यात लिहीत नाही. गुरुवारी सकाळी चहा पिताना ती वर-खाली करतो आणि दोन फोन लावतो. मागच्या गुरुवारी त्यातल्या एकाला फक्त एवढंच हवं होतं की ईएन 8 स्टीलचा 40 एमएमचा बार अर्धा मीटर कुणाकडे पडलाय का. माझ्याकडेच रॅकच्या मागे होता, येऊन घेऊन गेला.