कोविडनंतर पोटाचा घेर आणि साखर कशी तपासावी

कोविड फुप्फुसांचा आजार म्हणून ओळखला जातो, पण त्याचा विषाणू चरबीतही शिरतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शस्त्रक्रियेवेळी काढलेल्या मानवी चरबीला प्रयोगशाळेत संसर्ग दिला होता. मेदपेशींमध्ये विषाणू वाढला. चरबीतच राहणाऱ्या मॅक्रोफेज या संरक्षक पेशींमध्येही तो शिरला. तिथून नवे विषाणू बाहेर पडले नाहीत, पण त्या पेशींनी दाह भडकवणारी रसायनं सोडली. कोविडने दगावलेल्या रुग्णांच्या चरबीतही विषाणूचे अंश सापडले.

दाह झालेली चरबी इन्सुलिनला नीट दाद देत नाही. शिवाय मेदपेशींतून येणारं आणि इन्सुलिनला मदत करणारं अॅडिपोनेक्टिन हे हार्मोन गंभीर कोविडमध्ये घटलेलं आढळलं आहे. त्यामुळे आधी मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर चढू शकते. आतड्यांभोवतीच्या चरबीतलं रक्त थेट यकृताकडे जातं, म्हणून मांड्यांवरच्या चरबीपेक्षा पोटातली चरबी जास्त घातक.

आजारातून उठल्यावर वजनकाट्यावर विसंबू नका. अंथरुणात स्नायू झडतात, वजन उतरतं आणि पोट मात्र तसंच राहतं. त्यापेक्षा कापडी टेप घ्या. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, उघड्या पोटावर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपा आणि दोन्हींच्या मधोमध खूण करा. टेप त्या खुणेवरून जमिनीला समांतर फिरवा. पाठीमागे ती हमखास खाली घसरते, तेव्हा आरशात बघा. श्वास सहज सोडून आकडा वाचा, पोट आत ओढू नका. दोन मापांत १ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर तिसऱ्यांदा मोजा. बेंबी ही खूण धरू नये, कारण सुटलेल्या पोटावर ती खाली सरकलेली असते. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा: उंची १६० सेंटिमीटर असेल, तर ८० च्या आत. महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरे.

साखरेच्या बाबतीत घोळ होतो तो वेळेचा. किमान ८ तास उपाशी राहून प्रयोगशाळेत दिलेल्या रक्तात १०० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) पेक्षा कमी आकडा ठीक, १०० ते १२५ मधुमेहपूर्व, १२६ किंवा जास्त आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करायची. पण सकाळी स्टिरॉइडची (दाह कमी करणाऱ्या औषधाची) गोळी चालू असेल, तर उपाशीपोटीची साखर चांगली दिसते आणि दुपारनंतर भडकते. अशा वेळी जेवणानंतर दोन तासांनी मोजलंच पाहिजे. एचबीएवनसी ही रक्ततपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, त्यामुळे आठवड्यापूर्वी चढलेली साखर त्यात पुरती उमटत नाही. ही तपासणी बरं झाल्यावर तीन महिन्यांनी करा. रक्तक्षय असेल, तर तो आकडा फसवा असू शकतो.

घरी ग्लुकोमीटर वापरताना हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटाला फळाचा रस लागला असेल, तर आकडा खोटाच वर जातो. टोचायचं बोटाच्या कडेला, तिथे कमी दुखतं. खूप तहान, वारंवार लघवी, उलट्या, धाप यांसोबत साखर चढलेली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: स्टिरॉइड थांबलं, दाह ओसरला की आजारात वाढवलेला इन्सुलिनचा डोस जास्त होतो आणि साखर ७० च्या खाली घसरते. डोस कमी करण्याविषयी डॉक्टरांना आपणहून विचारा.

पोटातली चरबी घटवायला उपास करू नका, त्याने उरलेले स्नायूही जातात. ताप पूर्ण गेल्यावर सपाट रस्त्यावर १० मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा आणि हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्या. चालल्यानंतर दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं होत असेल, तर वेळ वाढवू नका, निम्म्यावर आणा. छातीत दुखणं किंवा धडधड झाली, तर व्यायाम थांबवून तपासून घ्या. चालणं अंगवळणी पडलं की आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठ-बस करा, हातांचा आधार न घेता. दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं मिळाली, तर स्नायू भरून यायला मदत होते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.