थकलेले बिल वसूल करायचे तर तयारी माल गेटबाहेर पडण्याआधी

नाशिकच्या सातपूर, अंबड किंवा सिन्नर औद्योगिक वसाहतीत टर्निंग, प्रेस पार्ट, पावडर कोटिंगचे जॉबवर्क करणाऱ्या छोट्या युनिटला अनुदानापेक्षा जास्त गरज असते ती केलेल्या कामाचे पैसे वेळेवर हातात पडण्याची. त्यासाठीचा कायदा २००६ पासून आहे: सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास अधिनियम, कलम १५ ते २४. तो कडकही आहे. पण बहुतेक दावे ढिले पडतात ते कागदांमुळे, आणि हे कागद माल पाठवतानाच जमवायचे असतात.

पहिला कागद म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उपक्रम म्हणून सरकारकडची नोंद. सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत होते, आधार, पॅन आणि लागू असेल तर जीएसटी क्रमांक पुरतो. हजार-दोन हजार मागणाऱ्या खासगी वेबसाइट सरकारी वाटतील अशाच बनवलेल्या असतात, तिकडे फिरकू नका. नोंदणी ऑर्डर घेण्याआधीची हवी. पैसे अडकल्यावर काढलेले प्रमाणपत्र जुन्या बिलांना लागू होते का, यावरच समोरचा वकील पहिला वाद घालतो. प्रमाणपत्रावर व्यवसायाचा प्रकार उत्पादन किंवा सेवा असाच आहे ना, तेही बघा. व्यापारी म्हणून नोंद असेल तर उशिराच्या देयकाचे संरक्षण मिळत नाही. व्यापाऱ्यांची नोंदणी फक्त बँक कर्जाच्या प्राधान्यापुरती आहे. संरक्षण सूक्ष्म आणि लघु उपक्रमांनाच आहे, मध्यमला नाही. १ एप्रिल २०२५ पासून लघुची मर्यादा गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटी अशी असल्याने अंबडमधले बरेच कारखाने त्यात बसतात. जीएसटीवरचे फर्मचे नाव आणि उद्यमवरचे नाव अक्षरशः एक ठेवा, आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

दुसरा कागद म्हणजे मालासोबत जाणाऱ्या डिलिव्हरी चलनाची परत आलेली प्रत. ड्रायव्हर चलन गेटवर देऊन रिकाम्या हाताने परतला, की पुढे माल कधी पोचला हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही उरत नाही. सिक्युरिटीचा इनवर्ड (माल आत आल्याचा) शिक्का, तारीख, वेळ आणि सही असलेली प्रत परत आलीच पाहिजे. शिक्का पुसट असेल तर तिथेच दुसरा मारून घ्यावा. पैसे देण्याची मुदत याच तारखेपासून मोजली जाते, बिलाच्या तारखेपासून नाही.

मोजणी अशी. १ जूनला माल पोचला आणि पैसे कधी द्यायचे याचा लेखी करार नसेल, तर मुदत १५ दिवस. लेखी करार असेल तर त्यातली मुदत, पण जास्तीत जास्त ४५ दिवस, म्हणजे १६ जुलै. पर्चेस ऑर्डरवर ९० दिवस छापलेले असले तरी कायद्यापुढे ते टिकत नाही. मालात खोट असेल तर खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी हरकत घ्यायला हवी; नाही घेतली तर माल स्वीकारला असे धरतात. इथेच खरी मारामारी होते. खरेदीदाराचा क्यूसीवाला (मालाची तपासणी करणारा) फोनवर ‘पन्नास पीस रिजेक्ट’ सांगतो आणि चार महिन्यांनी डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी, येते. असा फोन आला की त्याच दिवशी ईमेल टाका: कोणत्या चलनातले किती पीस, कोणत्या मापात फरक, लेखी कळवा. उत्तर आले तर वाद तेवढ्या पिसांपुरता राहतो, नाही आले तर तो ईमेल तुमचा पुरावा.

मुदत उलटल्यावर व्याज लागते ते रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. बँक रेट ६ टक्के धरला तर व्याज १८ टक्के. ४ लाखांच्या बिलावर सहा महिन्यांत सुमारे ३७,४०० रुपये, वर्षात ७८,२०० च्या आसपास.

एकाच मोठ्या ग्राहकावर चालणाऱ्याने थेट तक्रारीकडे जाऊ नये असे आमचे मत आहे. आधी व्याजाचा हिशोब मांडलेले पत्र खरेदी विभागाला न पाठवता अकाउंट्सला पाठवा, शक्यतो फेब्रुवारीत. मुदत उलटून थकवलेले बिल ३१ मार्चपर्यंत चुकते केले नाही तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरातून वजा मिळत नाही. शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे न दिल्यास त्याने घेतलेले जीएसटीचे इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) व्याजासह परत करावे लागते. खरेदीवाल्याला या दोन्हींचे फारसे सोयरसुतक नसते, अकाउंट्सवाल्याला असते.

तरी पैसे हलले नाहीत, तर केंद्राच्या पोर्टलवर तक्रार. समाधान पोर्टल २०१७ पासून होते, जून २०२५ मध्ये ऑनलाइन तंटा निवारणाचे ओडीआर पोर्टल आले. पर्चेस ऑर्डर, बिले, शिक्क्याची चलने, पत्रव्यवहार आणि व्याजाचा तक्ता एका क्रमाने स्कॅन करून ठेवा. प्रत्येक बिल त्याच्या चलनाला जोडलेले हवे. नुसता लेजर (खातेउतारा) अपुरा, कारण ऑन अकाउंट, म्हणजे बिल न सांगता, आलेली रक्कम कोणत्या बिलात जिरवली हे त्यात दिसत नाही. प्रकरण पुरवठादार जिथला, तिथल्या सुलभता परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाते. खरेदीदार पुण्याचा असो की वडोदऱ्याचा, नाशिकच्या युनिटचे प्रकरण नाशिक विभागाच्या सुलभता परिषदेपुढेच येते. काही अडले तर सातपूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांतही माहितगार भेटतात.

परिषद आधी तडजोड घडवून बघते, न जमल्यास लवाद. कायद्यात मुदत ९० दिवसांची आहे, प्रत्यक्षात वेळ जास्त धरून चला. मुद्दल पूर्ण आणि व्याजात सूट, अशी तडजोड पुष्कळदा पुढे येते. मुद्दल एकरकमी मिळत असेल तर घ्यावी, हप्ते देतो म्हणाला तर तारखा परिषदेसमोर लेखी घ्याव्यात. निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला कोर्टात आव्हान द्यायचे असले, तर त्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. लवादाला लिमिटेशनची, म्हणजे दावा लावण्याची, तीन वर्षांची मुदत लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘पुढच्या महिन्यात बघू’ ऐकत ती संपवू नका.