सीपीयूच्या सिसएफएस फायली हाताळताना या चुका टाळा

लिनक्समध्ये प्रोसेसरची बहुतेक माहिती आणि बरीचशी नियंत्रणं /सिस/डिव्हाइसेस/सिस्टम/सीपीयू या डिरेक्टरीत मिळतात. /सिसखालच्या या व्यवस्थेला सिसएफएस म्हणतात. जोडीला जुनं /प्रॉक/सीपीयूइन्फो आहेच. दिसायला या फायली असल्या तरी डिस्कवर त्यांचा एक बाइटही नसतो. वाचायला गेलात की कर्नलमधलं (लिनक्सच्या गाभ्यातलं) एक फंक्शन चालतं आणि त्या क्षणाचं उत्तर देतं. लिहायला गेलात की दुसरं फंक्शन तुमचा मजकूर तपासतं आणि पटलं तरच अमलात आणतं. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ एवढंच विसरण्यात आहे.

रूट असूनही ‘परमिशन डिनाइड’

याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही सर्रास दिसतात. पहिलं म्हणजे ‘सुडो इको परफॉर्मन्स > स्केलिंग_गव्हर्नर’ अशी कमांड (गव्हर्नर म्हणजे सीपीयूचा वेग ठरवणारं धोरण). इथे फाइल उघडण्याचं काम सुडोकडे, म्हणजे रूटच्या (प्रशासकाच्या) अधिकाराने कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, जातच नाही. सुडो सुरू होण्याआधीच तुमचं साधं शेल ती उघडायला जातं आणि अडतं. त्याऐवजी ‘इको परफॉर्मन्स | सुडो टी’ असं लिहून पुढे फाइलचा मार्ग द्या. टी ही कमांड एकाच वेळी अनेक फायलींत लिहू शकते, म्हणून मार्गात ताराचिन्ह वापरून सगळ्या सीपीयूंना एका ओळीत मूल्य देता येतं. हेच रीडायरेक्शनने करायला गेलात तर बॅश ‘अँबिग्युअस रीडायरेक्ट’ म्हणून थांबतं.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. मार्गात एखादं अक्षर चुकलं, तर तुमची अपेक्षा ‘नो सच फाइल’ या संदेशाची असते. पण शेल नसलेली फाइल तयार करायला जातं, सिसएफएसमध्ये बाहेरून फाइल तयार करताच येत नाही, आणि रूटलाही ‘परमिशन डिनाइड’ असंच उत्तर मिळतं. मग लोक तासभर एसईलिनक्सच्या (लिनक्सच्या सुरक्षा-नियमांच्या) सेटिंग तपासत बसतात. आधी एलएस करून फाइल खरंच आहे का ते बघा.

बाकीचे संदेश बऱ्यापैकी प्रामाणिक असतात. ‘इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणजे फाइल बरोबर, मूल्य चूक. उदाहरणार्थ उपलब्ध नसलेल्या गव्हर्नरचं नाव. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ म्हणजे मूल्य ठीक, पण सध्याच्या स्थितीत ते लागू होणार नाही. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’ दिसलं तर तुम्ही बहुधा कंटेनरच्या (होस्टच्याच कर्नलवर चालणाऱ्या वेगळ्या कप्प्याच्या) आत आहात, आणि हे काम होस्टवरूनच (मूळ मशीनवरूनच) करावं लागेल.

या फायली व्हिममध्ये उघडून सेव्ह करू नका. बरेच एडिटर बाजूला तात्पुरती फाइल बनवून तिचं नाव बदलतात, आणि ते इथे चालत नाही. एलएस दाखवतं तो ४०९६ बाइटचा आकारही खरा नाही. तो मेमरीच्या पानाचा आकार आहे. प्रॉकमधल्या फायली तर शून्य बाइटच्या दिसतात, त्यामुळे आकार बघून तेवढंच वाचणाऱ्या प्रोग्रामच्या हाती काहीच लागत नाही. मूल्य बदललं की कळावं म्हणून आयनोटिफाय लावलंत तर तेही गप्प राहील, कारण कर्नलने स्वतःहून बदललेल्या मूल्याची सूचना त्या वाटेने येत नाही. फाइल उघडी ठेवून पुन्हा पुन्हा वाचायची असेल, तर दर वेळी सुरुवातीला परत या किंवा ऑफसेट शून्य देऊन प्रीड हा सिस्टम कॉल वापरा.

कोअर मोजताना होणारे घोळ

‘पॉसिबल’, ‘प्रेझेंट’ आणि ‘ऑनलाइन’ या तीन फायलींत बऱ्याच मशीनवर एकच उत्तर दिसतं, म्हणून कुठलीही वाचली तरी चालेल असा समज होतो. पॉसिबल म्हणजे या बूटमध्ये कधीही अस्तित्वात येऊ शकतील असे सीपीयू. प्रेझेंट म्हणजे सध्या हजर असलेले. ऑनलाइन म्हणजे शेड्युलर ज्यांना काम देतो आहे ते. व्हर्च्युअल मशीनमध्ये पुढे सीपीयू वाढवण्याची सोय ठेवली असेल तर पॉसिबल ‘०-६३’ आणि ऑनलाइन ‘०-३’ असं दिसू शकतं. थ्रेडची संख्या पॉसिबलवरून ठरवणारा प्रोग्राम तिथे चौसष्ट थ्रेड सुरू करेल. ‘कर्नल_मॅक्स’ तर मशीनबद्दल काहीच सांगत नाही. कर्नल बिल्ड करताना ठरवलेली ती कमाल मर्यादा आहे.

यादीचा नमुना ‘०-३,८-११’ असा असतो, म्हणजे मध्ये खंड असू शकतो. डॅश बघून दोन आकडे घेणारी स्क्रिप्ट हमखास कोसळते, आणि एकच सीपीयू असेल तर डॅशही नसतो. शिवाय एकाच कोअरचे जोडीदार थ्रेड सांगणाऱ्या ‘थ्रेड_सिब्लिंग्ज’मध्ये हेक्साडेसिमल मास्क असतो आणि ‘थ्रेड_सिब्लिंग्ज_लिस्ट’मध्ये वाचनीय यादी. मास्कमधला स्वल्पविराम ३२ बिटांचे गट वेगळे करतो, यादीतला सीपीयू वेगळे करतो. स्क्रिप्टसाठी यादीचीच फाइल घ्या.

टोपॉलॉजी डिरेक्टरीतला ‘कोअर_आयडी’ संपूर्ण मशीनमध्ये एकमेव नसतो. दोन सॉकेटच्या (दोन प्रोसेसर बसवलेल्या) सर्व्हरवर दोन्हींकडे कोअर ० असतो, आणि क्रमांकांत उड्याही असतात. खरे कोअर मोजायचे तर ‘फिजिकल_पॅकेज_आयडी’ आणि कोअर_आयडी यांच्या वेगवेगळ्या जोड्या मोजा. एकाच पॅकेजमध्ये अनेक डाय (सिलिकॉनचे तुकडे) असतील तर ‘डाय_आयडी’ही जोडीला घ्या. सीपीयू ० आणि १ हे एकाच कोअरचे दोन थ्रेड, हेही गृहीत धरू नका. पुष्कळ मशीनवर ० चा जोडीदार क्रमांक अर्ध्या यादीनंतर येतो. पिनिंग (प्रोग्रामला ठरावीक सीपीयूवर बांधणं) करताना इथे चुकलात तर दोन जड थ्रेड एकाच कोअरवर बसतात, शेजारचा कोअर रिकामा राहतो आणि आकडे का खालावले ते कळत नाही.

/प्रॉक/सीपीयूइन्फो माणसाने वाचायला ठीक आहे, स्क्रिप्टला नाही. त्यात फक्त ऑनलाइन सीपीयू दिसतात आणि रकाने आर्किटेक्चरनुसार बदलतात. एक्स८६ वरचं ‘सीपीयू एमएचझेड’ ६४ बिट आर्मवर सापडणार नाही. बोगोमिप्स हा वेगाचा आकडा नाही, त्यावरून दोन मशीनची तुलना कुणी करू नये.

कंटेनरची गोष्ट वेगळी. तिथे सीपीयूइन्फो होस्टचे सगळे सीपीयू दाखवतं. सीपीयू मोजणारं एनप्रॉक अफिनिटी, म्हणजे प्रोसेसला कोणत्या सीपीयूंवर चालायची मुभा आहे ते, पाळतं, पण त्याच्या उत्तरात सीग्रुपचा (प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीचा) कोटा धरलेला असेलच असं नाही. खरी मर्यादा सीग्रुप व्ही२ मध्ये ‘सीपीयू.मॅक्स’ या फाइलीत असते. ‘२००००० १०००००’ म्हणजे दर १०० मिलिसेकंदाला २०० मिलिसेकंद सीपीयू वेळ, अर्थात दोन सीपीयूंइतकी.

‘पॉवरसेव्ह’ दिसलं की घाबरू नका

सर्वांत जास्त चुकीचे सल्ले याच जागी दिले जातात. गव्हर्नरचं नाव वाचण्याआधी ‘स्केलिंग_ड्रायव्हर’ वाचा, कारण एकाच नावाचे दोन अर्थ आहेत.

ड्रायव्हर ‘एसीपीआय-सीपीयूफ्रेक’ असेल तर पॉवरसेव्ह खरोखरच वारंवारता किमान मर्यादेवर अडकवून ठेवतो. ड्रायव्हर ‘इंटेल_पीस्टेट’ असून तो ॲक्टिव्ह मोडमध्ये असेल, तर पॉवरसेव्ह हा कामाच्या ओझ्याप्रमाणे वेग वर-खाली करणारा रोजचा पर्याय आहे. तो बदलून परफॉर्मन्स केल्याने मशीन दुप्पट धावू लागेल ही आशा व्यर्थ. या मोडमध्ये उपलब्ध गव्हर्नर दोनच असतात, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. म्हणून ‘स्केडयुटिल’ हा दुसरा गव्हर्नर लिहिलात की ‘इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट’ येतं. मॉड्यूल शोधत बसू नका. नेहमीचे गव्हर्नर हवेच असतील तर ‘इंटेल_पीस्टेट/स्टेटस’मध्ये ‘पॅसिव्ह’ लिहा; त्यानंतर ड्रायव्हरचं नाव ‘इंटेल_सीपीयूफ्रेक’ दिसेल. ‘एएमडी-पीस्टेट’च्या ॲक्टिव्ह मोडमध्येही चित्र असंच आहे.

ॲक्टिव्ह मोडमध्ये वेग आणि विजेचा तोल ‘एनर्जी_परफॉर्मन्स_प्रेफरन्स’मधून साधतात. मूल्यं अशी: परफॉर्मन्स, बॅलन्स_परफॉर्मन्स, बॅलन्स_पॉवर, पॉवर. इथे लिहिताना ‘बिझी’ आलं तर गव्हर्नर परफॉर्मन्सवर आहे का बघा. तो असताना कर्नल हा काटा टोकाला रोवून ठेवतं आणि दुसरं काही स्वीकारत नाही. आधी पॉवरसेव्ह, मग प्रेफरन्स, असा क्रम ठेवा.

टर्बोच्या (तात्पुरता वाढीव वेग देणाऱ्या सोयीच्या) बाबतीत तर चिन्हच उलटं आहे. ‘सीपीयूफ्रेक/बूस्ट’मध्ये १ म्हणजे टर्बो चालू. ‘इंटेल_पीस्टेट/नो_टर्बो’मध्ये १ म्हणजे टर्बो बंद. एका मशीनची स्क्रिप्ट दुसऱ्यावर डोळे झाकून चालवलीत तर नेमका हवा त्याच्या विरुद्ध परिणाम मिळेल. नो_टर्बोमध्ये ० लिहूनही नकार मिळत असेल तर टर्बो बायॉसमध्येच बंद केलेला असण्याची शक्यता मोठी.

वारंवारतेच्या फायलींतले आकडे किलोहर्ट्झमध्ये असतात. ३.२ गिगाहर्ट्झ म्हणजे ३२०००००. ३२०० लिहिणं हा नेहमीचा घोटाळा. किमान आणि कमाल दोन्ही वाढवायच्या असतील तर आधी कमाल वाढवा, कमी करायच्या असतील तर आधी किमान उतरवा, म्हणजे मधल्या क्षणी किमान कमालच्या वर जाणार नाही. लिहिताना एरर आली नाही म्हणजे काम झालं असंही नाही. फर्मवेअर किंवा तापमान-नियंत्रण यांच्या मर्यादाही वरून लागू असतात, तेव्हा लिहिल्यावर तीच फाइल परत वाचा.

‘स्केलिंग_कर_फ्रेक’ पुष्कळदा ड्रायव्हरने मागितलेला वेग दाखवतं, प्रत्यक्षातला नव्हे. एक्स८६ वर कर्नल मोजून सांगायचा प्रयत्न करतं, तरी नीट मोजमापासाठी टर्बोस्टॅट चालवा आणि त्यातला ‘बिझी_एमएचझेड’ रकाना बघा. वेग सतत कमी राहत असेल तर इंटेलच्या प्रोसेसरवर ‘थर्मल_थ्रॉटल’मधले मोजणी आकडे वाढताहेत का ते आधी तपासा. वाढत असतील तर दोष बहुधा कूलिंगचा आहे. सीपीयूफ्रेक डिरेक्टरीच गायब असेल आणि तुम्ही व्हर्च्युअल मशीनमध्ये असाल, तर हायपरव्हायझरने (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामने) हे नियंत्रण आत दिलेलंच नाही. ड्रायव्हर पुन्हा इन्स्टॉल करून काही मिळणार नाही.

कोअर बंद करताना

‘सीपीयू३/ऑनलाइन’मध्ये ० लिहिलं की तो सीपीयू जातो, पण जाताना त्याच्या टोपॉलॉजी आणि कॅशच्या डिरेक्टरीही घेऊन जातो. म्हणून आधी जोडीदारांची यादी वाचा, मग बंद करा. एक्स८६ वर सीपीयू० ला ही फाइल बहुधा नसतेच. तो दोष नाही.

त्या सीपीयूवर टास्कसेटने पिन केलेली प्रोसेस मरत नाही. कर्नल तिची अफिनिटी मोडून तिला दुसरीकडे हलवतं, तशी नोंद डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) पडू शकते. सीपीयू परत आणला म्हणून जुनं पिनिंग परत येत नाही. ते पुन्हा करावं लागतं.

हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय) बंद करायला एकेक थ्रेड शोधत बसू नका, ‘एसएमटी/कंट्रोल’मध्ये ‘ऑफ’ लिहा. मग मात्र ते थ्रेड एकेकटे ऑनलाइन करता येत नाहीत, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येतं. ‘फोर्सऑफ’ दिसत असेल तर रीबूटशिवाय इलाज नाही.

वाचायच्या दोन जागा

कॅशची बेरीज सीपीयूगणिक केलीत तर एकच एल३ (अनेक सीपीयूंची सामाईक, तिसऱ्या पातळीची कॅश) आठ किंवा सोळा वेळा मोजाल. ‘शेअर्ड_सीपीयू_लिस्ट’ सारखी असलेली कॅश एकदाच धरा, आणि ‘इंडेक्स३’ म्हणजे एल३ असं न मानता ‘लेव्हल’ व ‘टाइप’ वाचा.

‘व्हल्नरेबिलिटीज’ डिरेक्टरीत एखाद्या दोषाची फाइल नसणं म्हणजे प्रोसेसर सुरक्षित असणं नव्हे. तुमच्या जुन्या कर्नलला तो दोष माहीतच नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. सुरक्षित असेल तर ‘नॉट अफेक्टेड’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

रीबूटनंतर सगळं पूर्ववत का होतं

कारण कुठेच काही साठवलेलं नव्हतं. अनेकजण ही मूल्यं सिसकंट्रोलच्या कॉन्फिग फाइलीत टाकतात, पण सिसकंट्रोलचा संबंध /प्रॉक/सिसशी आहे, /सिसशी नाही. सिस्टमडी असलेल्या मशीनवर टीएमपीफाइल्सची (बूटवेळी फायलींत मूल्य लिहू शकणाऱ्या सिस्टमडीच्या सोयीची) ‘डब्ल्यू’ प्रकारची ओळ चालते. मात्र ती फाइल आधीपासून असेल तरच लिहिते. ड्रायव्हरचं मॉड्यूल उशिरा लोड होत असेल तर ओळ गुपचूप वगळली जाते. तिथे ड्रायव्हर आल्यानंतर चालणारी छोटी सर्व्हिस किंवा यूडेव्हचा (डिव्हाइस दिसल्यावर चालणारा) नियम लिहा.

मूल्य रीबूटशिवायच, चालू मशीनवर बदलत असेल तर दुसरं कुणीतरी तिथे लिहितंय. पॉवर-प्रोफाइल्स-डीमन, ट्यून्ड आणि टीएलपी हे नेहमीचे संशयित. सिस्टमकंट्रोलने कोणती सर्व्हिस चालू आहे ते बघा, एक थांबवा, मूल्य लिहा, चार्जर काढून-लावून पुन्हा वाचा. दोन सर्व्हिस एकाच फाइलीवर भांडत असतील तर एकच ठेवा आणि हवं ते मूल्य तिच्याच कॉन्फिगमध्ये द्या.