पेट्रोल टाकीचं झाकण किल्लीने उघडत नसेल तर

पावसाळ्यात बाईकच्या टाकीच्या झाकणात किल्ली जाते, पण फिरत नाही. पंपावर मागे रांग लागलेली असते आणि माणूस घाईत जोर लावतो. तिथेच किल्ली पिळवटते किंवा आत तुटते.

आधी एवढं करा: तळहाताने झाकण खाली दाबून धरा आणि मगच किल्ली फिरवा. रबरी वॉशरचा ताण कमी होतो आणि बहुतेक वेळा लॉक लगेच सुटतं.

तरीही जड जात असेल तर:

१. किल्लीच्या भोकातली धूळ फुंकून किंवा सायकलच्या पंपाने हवा मारून काढा.
२. मऊ पेन्सिल (६बी मिळाली तर उत्तम) किल्लीच्या दोन्ही बाजूंच्या खाचांवर घासा. चांगली काळी होऊ द्या.
३. किल्ली आठ-दहा वेळा आत-बाहेर करा, मग हलकेच फिरवा.

खोबरेल किंवा इंजिन ऑइल घालू नका. त्याला धूळ चिकटते आणि लॉक पुन्हा जाम होतं.

झाकण उघडलंच आहे तर तोंडाभोवतीच्या खोलगट कड्यात पाणी जाण्याचं बारीक भोक शोधा. बऱ्याच बाईकना ते असतं. टाकीच्या तोंडात कापड दाबून बसवा आणि दोऱ्याने किंवा बारीक तारेने भोक मोकळं करा. ते बुजलं की पावसाचं पाणी साचून टाकीत उतरतं, आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ते फार त्रास देतं.

अडकलेलं लॉक सोडवायला किल्ली लायटरने तापवू नका, टाकी रिकामी असली तरीही.